बारभाईंची खेती आणि गावाची करणी

आपल्या भाषेत दोन म्हणी अशा आहेत, की त्या एकमेकींचे तोंड पाहत नाहीत. एक म्हणते, 'बारभाईंची खेती, काय लागेल हाती?' दुसरी म्हणते, 'गाव करी ते राव न करी.' पहिलीचे म्हणणे असे, की पुष्कळांच्या मालकीचे ते कुणाचेच नव्हे. दुसरीचे म्हणणे असे, की सगळ्यांनी हात लावला तर राजाला जमणार नाही ते गावाला जमते. दोन्ही म्हणी खेड्यातल्याच माणसांनी केल्या आहेत आणि दोन्ही अनुभवातून आल्या आहेत. तेव्हा एक खरी आणि दुसरी खोटी असे म्हणून आपली सुटका होत नाही. कोणती म्हण कोठे लागू पडते, हे पाहिले पाहिजे.

आज हा विषय काढण्याचे कारण असे. एस. टी. च्या थांब्यावर, चावडीपुढे, लग्नाच्या पंगतीत राजकारणाची गोष्ट निघाली, की कुणीतरी हमखास म्हणतो, "समाजवाद कागदावर गोड दिसतो हो, पण माणसाचा स्वभाव आड येतो. माणूस जात्याच स्वार्थी. दुसऱ्यासाठी कोण राबणार?" बाकीचे माना डोलावतात आणि विषय संपतो. पण खरोखर तो संपत नाही. गावाचा पाणवठा, गायरान, देवरहाट, सोसायटी, दूध डेअरी, बचत गट, इतकेच काय, चार भावांच्या नावावरचा सामाईक सातबारा, या सगळ्यांचे भवितव्य त्या एका वाक्यावर टांगलेले आहे. माणूस नुसताच स्वार्थी असेल, तर यातले काहीच टिकायचे नाही. म्हणून जरा बैजवार बघू.

रत्नागिरीच्या माणसाला या विषयात बोलण्याचा अधिकारही आहे. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. बॅरिस्टर नाथ पै 1957 पासून राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि 1971 साली त्यांचे निधन झाल्यावर मधु दंडवते त्याच मतदारसंघातून 1991 पर्यंत खासदार होते. ही सगळी समाजवादी मंडळी. भारताच्या घटनेच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द आला 1976 साली. कोकणातल्या मतदाराला मात्र तो त्याआधी पुष्कळ वर्षे ऐकून ठाऊक होता.

आता समाजवाद म्हणजे काय? पोथीतल्या व्याख्या अनेक आहेत. आपल्यापुरते साधे सांगायचे तर, ज्या साधनांवर सगळ्यांचे पोट आहे ती थोड्यांच्या मुठीत नसावीत, आणि राबणाऱ्याला राबण्याचे फळ मिळावे. यातल्या दुसऱ्या कलमाचा अर्थ कोकणाला शिकवला तो खोतीने. खोत हा मूळचा गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. पुढे तोच गावाचा धनी होऊन बसला. अर्धेलीच्या कुळाने नांगरायचे, लावणी करायची, गुडघाभर चिखलात घरच्या बायकामुलांनी वाकायचे, आणि खळ्यावर भाताची रास पडली, की निम्मी खोताकडे. वर वेठ वेगळी. अशा कुळाने जमिनीत जीव ओतावा तरी कशासाठी? बांध घातला, खत घातले, चार पायल्या भात जास्त झाले, तरी त्यातल्या दोन दुसऱ्याच्या कणगीत जायच्या.

या खोतीविरुद्ध 1929 साली चिपळूणला शेतकरी परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. खोती म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होते. 1937 साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि 1938 च्या जानेवारीत हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत जाऊन धडकले. कायदा व्हायला स्वातंत्र्य यावे लागले. 1949 साली खोती रद्द करण्याचा कायदा झाला. 1948 चा कूळकायदा होताच, आणि 1 एप्रिल 1957 या कृषिदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. या लढ्यात समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. पण लढा जिंकला तेव्हा कुळाच्या हातात काय पडले? स्वतःच्या नावाचा सातबारा. म्हणजे मालकीच. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेत समाजवाद होता आणि मालकीची ओढही होती. कुणालाही त्यात विसंगती वाटली नाही, आणि ती नव्हतीही.

आता दुसरीकडे वळू. रशियात 1929 पासून स्टालिनच्या राजवटीने शेतकऱ्यांच्या जमिनी, गुरे, अवजारे एकत्र करून सामुदायिक शेते केली. शेतकऱ्यांनी आपली गुरे सरकारजमा करण्यापेक्षा कापून खाणे पसंत केले. पुढे सरकारला नाइलाजाने प्रत्येक घरामागे लहानसा परसू ठेवू द्यावा लागला. हे सगळे परसू मिळून देशातली तीन-चार टक्केच लागवडीची जमीन होती, पण त्यांतून शेती उत्पादनाचा सुमारे पाव हिस्सा येई. बटाटे, भाजी, अंडी, दूध सगळे परसवातले. माणूस तोच, हातही तेच. सामुदायिक शेतावर तो पाट्या टाकी आणि घरामागे मात्र अंधार पडेपर्यंत वाकलेला असे.

चीनमध्ये 1958 साली याहून मोठा घाट घातला गेला. लोककम्यून निघाले, घरातल्या चुलीसुद्धा बंद करून सामुदायिक भोजनगृहे काढली. वरून आकडे मागितले जात आणि खालचे अधिकारी भीतीपोटी फुगवलेले आकडे पाठवत. त्या खोट्या आकड्यांवर सरकार धान्य उचलून नेई. 1959 ते 1961 च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. त्यानंतर वीसेक वर्षांनी, 1978 च्या डिसेंबरात, आन्हुई प्रांतातल्या शिआओगांग या लहानशा गावात अठरा कुटुंबांचे कर्ते रात्री गुपचूप जमले. जमीन घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरायचा, उरेल ते ज्याचे त्याने ठेवायचे, असा कागद करून त्यांनी त्यावर अंगठे उठवले. पकडले गेले असते तर प्राणांवर बेतले असते. पुढच्या हंगामात पीक इतके वाढले, की सरकारनेच पुढे ती रीत देशभर मान्य केली.

"बघा, आम्ही काय म्हणत होतो!" असे आता कुणी म्हणेल. जरा थांबा. त्याच कागदावर आणखी एक कलम होते. आपल्यातले जे पुढारी तुरुंगात जातील, त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. वाचकहो, जमीन वाटून घेणाऱ्या माणसांनी त्याच दिव्याच्या उजेडात एकमेकांची लेकरे वाटून घेतली. आता सांगा, माणसाचा स्वभाव स्वार्थी की परमार्थी?

आपल्याकडेही 1959 साली नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव झाला होता. चौधरी चरणसिंगांनी तेथेच त्याला कडाडून विरोध केला. शेतकऱ्याचा जीव आपल्या जमिनीत असतो, तो तिच्यापासून तोडला तर शेती पिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे लोकशाही असल्याने ठराव कागदावर राहिला आणि कुणाचा जीव गेला नाही. हा फरक फार मोठा आहे, तो विसरू नये.

आता खोती आणि कम्यून शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकात धनी खोत, दुसऱ्यात धनी सरकार. एक जुना जमीनदार, दुसरा गोरगरिबांचा कैवारी म्हणवणारा. पण राबणाऱ्याच्या जागेवरून पाहिले, तर दोन्हींत तीच गत. आपण पिकवायचे, दुसऱ्याने उचलायचे, आणि किती उचलायचे यात आपल्याला बोलायची सोय नाही. कोकणचे कूळ खोतीत अंग चोरून राबले असेल आणि चीनचा शेतकरी कम्यूनमध्ये, पण त्याला आळस म्हणता येत नाही. अन्याय ओळखण्याची ती साधी खूण आहे. माणसाचा स्वभाव आड आला तो येथे, आणि तो आला हे बरेच झाले.

मग माणूस वाटून खायला तयार होतो तो केव्हा? फार लांब जायला नको, आपल्या स्वयंपाकघरात बघा. घरातला कर्ता सर्वांत जास्त राबतो म्हणून सर्वांत जास्त भाकऱ्या त्यालाच, असा हिशेब कुणी आई करत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला मऊ भात, बाळंतिणीला तूप, शाळेतल्या पोराला दूध, आणि उरलेसुरले बहुधा तिला स्वतःला. ज्याची जेवढी ताकद तेवढे त्याने करावे, ज्याची जेवढी गरज तेवढे त्याला मिळावे, हे सूत्र कार्ल मार्क्सने 1875 साली लिहिले. आपल्या घरांत ते त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. मुंबईच्या गिरणीत तीन पाळ्यांत राबणारा चाकरमानी दरमहा गावी मनीऑर्डर करायचा. त्या मनीऑर्डरींवर अर्धे कोकण जगले. त्याला कुणी पोलीस पाठवून पैसे काढायला लावले नव्हते.

पण थांबा, त्याच घराची दुसरी बाजूही आहे. तेच भाऊ वीतभर गडग्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आजोबांच्या नावची जमीन, सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे, निम्मे हिस्सेदार मुंबई-पुण्याला. कलमे लावायची तर सगळ्यांची संमती कोण आणणार? आणि लावली तर आंबे कोण उतरवणार? तेव्हा कुणीच काही करत नाही. जमिनीत रान माजते, वणवा लागतो, आणि एके दिवशी कुणी दलाल येऊन एकेका हिस्सेदाराला गाठून कवडीमोलाने हिस्से घेऊन जातो. ही खरी बारभाईंची खेती.

आणि त्याच गावात, त्याच माणसांची, हाकेच्या अंतरावर देवरहाट उभी असते. तीही सामाईकच. पण तेथे कुऱ्हाड चालत नाही. मोठमोठे वृक्ष, खाली पाण्याचा झरा, आणि तो झरा उन्हाळ्यातही वाडीला पाणी देतो. लाकडासाठी आणि कोळशासाठी भोवतालचे डोंगर बोडके झाले, पण पुष्कळ गावांनी देवरहाटी राखल्या. 'देवाच्या भीतीने' असे म्हणून आपण मोकळे होतो. भीती होतीच. पण भीतीबरोबर रीत होती. हद्द सगळ्यांना पाठ होती. काय घेता येते आणि काय नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होते. घ्यायचेच झाले तर गावाने बसून, कौल लावून ठरवायचे. चोरून तोडणारा गावकीपुढे उभा राहायचा. सामाईक सातबाऱ्याला यातले काय आहे? हद्द वादाची, कारभारी कुणी नाही, नियम नाही, आणि नियम मोडला तर विचारणाराही नाही. माणसे तीच, स्वभावही तोच. फरक आहे तो व्यवस्थेत.

किनाऱ्यावरच्या वाचकांना रापण ठाऊक आहे. अनेकांच्या जाळ्यांचे तुकडे जोडून एक लांबलचक जाळे करायचे, होडीने समुद्रात वेढा घालायचा, आणि दोन्ही टोकांना माणसांनी ओळीने उभे राहून ते ओढायचे. मग मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. एकटा कुणी रापण ओढू शकत नाही, म्हणून वाटणीवर तंटा करून ती मोडणेही कुणाला परवडत नाही. रापणीला ओहोटी लागली ती ओढणाऱ्यांच्या स्वार्थाने नव्हे. यांत्रिक बोटी आल्या, नंतर पर्ससीन आली, आणि किनाऱ्याजवळ येणारी मासळी बाहेरच गोळा होऊ लागली. अखेर 2016 साली राज्य सरकारला पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. गावाचा नियम गावापुरता. बाहेरचा बलदंड आला, की सरकारने पाठीशी उभे राहिलेच पाहिजे.

जगातही हेच दिसून आले आहे. गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1968 साली लिहिले, की गायरान सगळ्यांचे असेल तर जो तो आपले एक गुरू वाढवील आणि शेवटी गायरानाचे वाटोळे होईल. ते पुष्कळांना पटले. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने देशोदेशींची खेडी पाहून दाखवले, की लोक आपसांत नियम करतात आणि शतकानुशतके पाळतात. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचा नियम 1517 सालचा आहे. हिवाळ्यात जेवढ्या गाई आपल्या घरच्या वैरणीवर पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात गावाच्या कुरणावर सोडा. किती सोपा नियम, आणि पळवाट नाही! ऑस्ट्रॉमबाईंना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम ऐकण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही, कारण तो एकटाच सगळ्यांचे पाणी पितो. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा. यातली ज्वारी ज्याची त्याचीच होती. पाणी तेवढे सगळ्यांचे होते. शेत आपले, पाणी गावाचे, अशी ती वाटणी होती.

मात्र एका धोक्याबद्दल गप्प बसून चालणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950 च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले आणि पुढे महाराष्ट्रभर कारखान्यांची रांग लागली. शेतकरी मालक झाला, शाळा-दवाखाने निघाले. पण पुष्कळ ठिकाणी पुढे खुर्ची एकाच घरात राहिली, सभासद फक्त सभेला हात वर करण्यापुरता उरला, कारखाने आजारी पडले, आणि काही लिलावात खासगी मालकांकडे गेले. म्हणजे समाजवादाला स्वभाव आड येतो हे खरेच, पण कुणाचा स्वभाव? आपण बोट दाखवतो ते पाट्या टाकणाऱ्या गड्याकडे. नुकसान मात्र जास्त करतो तो खुर्ची न सोडणारा. रशिया-चीनमध्येही आळशी शेतकऱ्याने देश बुडवला नाही. ज्यांना कुणी जाब विचारू शकत नव्हते त्यांनी बुडवला.

सरकारने काहीच करू नये, असाही याचा अर्थ नव्हे. दंडवते 1977 ते 1979 रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच फोमची गादी बसवली. पहिल्या वर्गाची गादी त्यांनी काढून घेतली नाही. गरिबाच्या पाठीखाली गादी आली, एवढेच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना 1977 साली कायदा झाली आणि तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कर भरला. 1990 पासून त्याच योजनेतून फळबागांना अनुदान मिळू लागले. पैसा सगळ्यांचा, जमीन आणि झाड शेतकऱ्याचे, आणि झाडे जगली तरच पुढचा हप्ता. कोकणातले कितीतरी कातळ आणि वरकस जमिनी आंबा-काजूने हिरव्या झाल्या त्या या जोडीने. खोताच्या अर्धेलीवर किंवा कम्यूनच्या हुकमावर हे झाले नसते.

तेव्हा 'समाजवाद चालेल का?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. सगळेच सामाईक करायला निघालात, तर माणसाचा स्वभाव बंड करील, आणि ते बंड मोडायला बंदूक लागेल. सगळेच खासगी करायला निघालात, तर झरा आटेल, देवरहाट तुटेल, आणि ज्याच्याकडे मोटार तो विहीर उपसून नेईल. शेताला गडगा हवा आणि पाणवठ्याची वाट मोकळी हवी. यातले काय कोठे बसते, हे ठरवणे म्हणजेच गावाचा कारभार.

आपल्या गावात एखादी सामाईक गोष्ट असेल, तर तिला चार प्रश्न विचारून बघावेत. ती कुणाची, याची हद्द आणि यादी ठरली आहे काय? नियम वापरणाऱ्यांनीच केले आहेत काय? नियम मोडणाऱ्याला, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना, कुणी विचारतो काय? आणि कारभाऱ्याला वर्षातून एकदा तरी हिशेब मागता येतो काय? बायकांच्या बचत गटांची वही पाहा. दर महिन्याला सगळ्यांसमोर पैसे मोजले जातात, कुणी किती उचलले ते सगळ्याजणी ऐकतात. चारही उत्तरे तेथे 'होय' असतात, म्हणून तो गट चालतो. सामाईक सातबाऱ्याला चारही उत्तरे 'नाही' असतील, तर भाऊबंदांनी गणपतीला सगळे गावी जमले असताना एकत्र बसावे. एक तर सरळ वाटप करून घ्यावे, नाही तर एकाला लेखी कारभारी नेमून वाटे ठरवावेत. दलालाची वाट पाहू नये.

ग्रामसभा ही सरपंचाची सभा नाही, गावाची आहे. पुढच्या ग्रामसभेला घरटी एक बाई आणि एक पुरुष जा. पाऊस सरल्यावर वहाळावर बंधारा घालायचा असेल, तर कोण किती दिवस येणार आणि न येणाऱ्याने काय द्यायचे, ते तेथेच लिहून घ्या, वाचून दाखवा आणि खाली सह्या करा. माणूस देव नाही आणि जनावरही नाही. आपल्या कष्टाचा हिशेब चोख राहील आणि शेजारीही आपल्याइतकेच करतो आहे, एवढी खात्री पटली, की तो स्वतःहून फावडे घेऊन येतो.